पथकात आलात? आधी झील धरा

वस्तीतल्या शाहिरी पथकात येणाऱ्या बहुतेक पोरापोरींना पहिल्याच दिवशी डफ हातात हवा असतो. तो मिळत नाही. नवा माणूस झीलकऱ्यांत, म्हणजे शाहिराच्या मागे सूर धरणाऱ्या साथीदारांत, उभा राहतो, आणि निदान एक हंगाम तिथंच राहिलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाहीर चौक, म्हणजे पोवाड्याचा एक भाग, म्हणतो आणि झीलकरी शेवटचे शब्द उचलून ‘जी जी रं जी’ करतात. ऐकायला सोपं वाटतं. पण तेवढ्याच वेळात शाहिराला दम घ्यायचा असतो, पुढची ओळ आठवायची असते, समोरची माणसं हलायला लागली आहेत का तेही बघायचं असतं. झील लवकर सुटली तर त्याचा दम तुटतो. लांबली तर त्याच्या पुढच्या शब्दावर पडते. म्हणून प्रेक्षकांकडे नको, त्याच्या डफावरच्या हाताकडे बघा. तुणतुणं त्याच्या पट्टीत लावलेलं असतं. ती पट्टी तुम्हाला झेपत नसेल तर खाली खर्जात म्हणा, ओरडू नका. ओरडणाऱ्या झीलकऱ्याचा घसा कार्यक्रम संपायच्या आत बसतो.

डफाचं कातडं दमट हवेत उतरतं, ते शेकून चढवावं लागतं. हे काम कुणी सांगायची वाट बघू नका.

लिहिता येत असेल तर सोन्याहून पिवळं. मात्र ऐकणाऱ्याला ओळ परत वाचता येत नाही, त्यामुळे जोडाक्षरांनी भरलेला शब्द कर्ण्यातून नुसता गोंगाट होऊन बाहेर पडतो. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभं केलं, ते कामगारांच्या रोजच्या बोलीवर. आपल्यालाही तेच करायचंय. दोन चौकांच्या मधल्या गद्यात नळाचं पाणी, तुंबलेलं गटार, बंद पडलेली बालवाडी सगळं येऊ द्या. फक्त शेजाऱ्याचं नाव घेऊन टिंगल नको. तो पहिल्या रांगेतच बसलेला असतो!

पैशाचं आधीच सांगतो. १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, १ मे आणि गणपती सोडले तर बोलावणी तुरळक. मानधनातून आधी प्रवास आणि वाद्यांची दुरुस्ती निघते, मग उरलं तर वाटणी. नोकरी सोडू नका.

लाउडस्पीकरला पोलिसांची परवानगी लागते आणि एरवी रात्री दहाला तो बंद करावाच लागतो. पाहुण्यांची भाषणं लांबतात, मार आपल्याला बसतो. कुठला चौक गाळायचा हे मंचावर चढण्याआधी ठरवा. डफ वाजत असताना खुणा करून ते जमत नाही.

तुमची पाळी बहुधा शाहिराचा घसा बसेल त्या दिवशी येईल, तीही अर्धा तास आधी कळेल. तेव्हा एक चौक पाठ ठेवा, आणि आपली पट्टी तुणतुणेवाल्याला आजच सांगून ठेवा.