तयार नमुने घेण्याआधी बरणी उघडून बघा

"सरांकडे नमुने तयार आहेत, नुसते ओळखायचेत." समुद्री अपृष्ठवंशीयांवर पीएचडी करू पाहणाऱ्या मुलामुलींकडून हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. माझाही विषय असाच ठरला होता. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यांवरून आधीच्या विद्यार्थ्यांनी आणलेल्या कपाटभर बरण्या. उन्हातान्हात जायला नको, ओहोटीची वाट बघायला नको. मोह कुणाला होणार नाही?

बरण्यांत समुद्रफुलांची (फुलासारखे दिसणारे, स्पर्शकांचे मऊ प्राणी) तपकिरी बटणं झालेली होती. खेकड्यांचे पाय गळालेले, ब्रिटल स्टारच्या, म्हणजे तारामाशाच्या लांब हातांच्या नातलगाच्या, हातांचा चुरा तळाशी बसलेला. जिवंत प्राणी उचलून थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकला की दुसरं काय होणार? समुद्रफूल स्पर्शक आत ओढून घेतं, खेकडा पाय सोडून देतो, समुद्री गोगलगाय अंग आखडते आणि तिचे रंग पुढे अल्कोहोलमध्ये उतरून जातात. ओळख पटवायला नेमकं हेच सगळं लागतं.

नेरिडिड पॉलिकीटांबद्दल, म्हणजे वलयांच्या शरीराच्या एका कुळातल्या समुद्री किड्यांबद्दल, जरा जास्त सांगते, माझा चष्म्याचा नंबर त्यांनीच वाढवलाय. या किड्यांच्या घशावर दोन कडी असतात आणि त्यांचे मिळून आठ भाग पाडलेले असतात. कुठल्या भागावर किती पॅराग्नॅथ, म्हणजे बारीक कडक दाते, ते टोकदार की पट्टीसारखे, यावर प्रजाती ठरते. घसा बाहेर आलेला असेल तर काम पाच मिनिटांचं. आखडलेल्या किड्यात तो आतच राहतो. मग स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बारीक कात्रीने चीर द्यायची, आतलं उलगडायचं, आणि कात्री जरा चुकली की त्या भागावरचे दाते गेले. नमुना एकच असला तर तिथेच विषय संपला. शेवटी यादीत 'प्रजाती १', 'प्रजाती २' लिहायचं आणि त्यावर शॅननचा विविधता निर्देशांक, म्हणजे प्रजाती किती आणि किती समप्रमाणात आहेत याचा आकडा, काढायचा. सॉफ्टवेअरला काय, काहीही भरा, ते आकडा देतंच. परीक्षक मात्र विचारतात.

त्यामुळे आधी भूल, मग फोटो, मग फॉर्मॅलिन. हा क्रम कितीही घाई असली तरी मोडू नका. साधारण ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड एक लिटर गोड्या पाण्यात विरघळवा आणि त्यात तेवढंच समुद्राचं पाणी मिसळा. प्राणी त्यात ठेवा आणि सुईच्या टोकाने हलकेच स्पर्श करूनही तो हलत नाही तोवर थांबा. कधी अर्धा तास, कधी काही तास. नेरिडिड ढिला पडला की डोक्यामागे अलगद दाबायचं, बहुतेक वेळा घसा बाहेर येतो. समुद्रफुलांना आधी पाण्यात पूर्ण उमलू द्या, मग वर मेंथॉलचे खडे टाकून रात्रभर सोडा. खेकड्यांना बर्फात गार केलं तरी पुरतं. एक कोकणी अडचण: मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात बाटली उघडी राहिली तर त्याचा चिखल होतो आणि तुमचं वजन खोटं ठरतं. लहान पाकिटं करून ठेवा.

फॉर्मॅलिन १० टक्के म्हणजे बाजारातल्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ. त्यात फॉर्माल्डिहाइड जेमतेम ४ टक्के असतं. हे दोन आकडे जुन्या वह्यांमध्ये सर्रास एकमेकांच्या जागी लिहिलेले सापडतात. बोरॅक्स घालायला विसरू नका, आम्लधर्मी फॉर्मॅलिन कवचं आणि कंटिका, म्हणजे शरीरातले चुनखडी बारीक काटे, खाऊन टाकतं. त्याआधी शरीराचा छोटा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा, कारण फॉर्मॅलिनमधून पुढे धड डीएनए मिळत नाही. आणि डीएनए लागतोच. आपल्याकडच्या किड्यांना युरोपातली नावं चिकटवायची खोड जुनी आहे. मार्फिसा सँग्विनिया हे नाव मुळात इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावरच्या किड्याचं, आणि आपल्या याद्यांमध्ये ते वर्षानुवर्षं उतरवलं जातंय. लेबल पेन्सिलने लिहून बरणीच्या आत टाका, बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये जाते.

समुद्रकाकडी, प्रवाळ, समुद्रपंखे यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. परवानगीशिवाय तुकडासुद्धा उचलू नका, "संशोधनासाठी घेतलं" ही सबब तिथे चालत नाही.

इतकं वाचून घाबरला असाल तर थांबा. किनाऱ्यावरचं काम वाटतं तितकं अवघड नाही, पोहता येण्याचीही गरज नाही. मुंबई-कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे मोठी ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा आणि ओहोटीच्या तासभर आधी खडपावर पोचा. कालवं काढणाऱ्या मावश्यांशी ओळख करून घ्या. कुठला खडक फक्त उधाणाच्या ओहोटीलाच उघडा पडतो, हे त्या उभ्या उभ्या दाखवतात. माझ्या मते पहिल्या वर्षी त्यांच्यासारखा मार्गदर्शक नाही. प्रयोगशाळेतले मार्गदर्शक नंतर लागतात, ते पेपर लिहिताना.

नोकरीचं खरं सांगायचं तर वर्गीकरणाच्या जागा मोजक्याच. पण बंदर, जेट्टी, सांडपाण्याच्या पाइपलाइनी यांच्या पर्यावरण अहवालांसाठी तळाच्या गाळातले प्राणी मोजणारी माणसं लागतात. ०.५ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळ धुवायचा, रोझ बेंगाल या रंगाने गुलाबी झालेले प्राणी चिमट्याने वेचायचे आणि निदान कुळापर्यंत ओळखायचे. एवढं स्वच्छ करता येणाऱ्याला काम मिळतं, हे मी खात्रीने सांगते.

तरीही तयार नमुन्यांचा विषय समोर आला, तर होकाराआधी चार-पाच बरण्या मागून घ्या. लेबलवर तारीख आणि जागा आहे का, भूल दिली होती का, अल्कोहोलमध्ये काही राखलंय का, हे तोंडावर विचारा. उत्तर "बघू नंतर" आलं तर त्या बरण्या सरावाला ठेवा आणि नवीन नमुने गोळा करायची मुभा लेखी घ्या. स्टोअरमध्ये अल्कोहोलचा अर्जही त्याच दिवशी टाका, परवान्याच्या कागदपत्रांत वेळ जातो.