सायन्स पार्कचे परदेशी करार कुठे अडकतात? या चुका टाळा

सायन्स पार्क म्हणजे संशोधनावर चालणाऱ्या कंपन्यांना जागा आणि सोयी देणारं संकुल. परदेशी सायन्स पार्कशी सामंजस्य करार होतो, फोटो छापून येतात आणि वर्षभरात एकही कंपनी इकडची तिकडे जात नाही. करारावर सह्या संस्थाप्रमुखांच्या असतात, पण तिकडून ईमेल आला तर उत्तर कोणी द्यायचं हेच ठरलेलं नसतं. दोन्हीकडचा एकेक जबाबदार अधिकारी, पहिल्या वर्षी पाठवायच्या कंपन्या आणि प्रवासखर्च कोणाचा, हे करारातच लिहून घ्या.

भागीदार निवडताना नावावर जाऊ नका. फ्रान्समधलं सोफिया अँटिपोलिस (स्थापना १९६९) किंवा इंग्लंडमधलं केंब्रिज सायन्स पार्क (स्थापना १९७०) यांचा दबदबा मोठा आहे. पण पुण्यातल्या एन्झाइम बनवणाऱ्या कंपनीला तिथे टेबल-खुर्ची मिळून भागत नाही. तिला रसायनं हाताळता येतील अशी प्रयोगशाळा लागते. ती कोणत्या तारखेपासून आणि किती भाड्याने मिळेल, हे आधी विचारा. १९८४ साली स्थापन झालेल्या, स्पेनमधल्या मालागाहून चालणाऱ्या सायन्स पार्कांच्या जागतिक संघटनेत ओळखी होतात. कामाची बोलणी मात्र तुम्हालाच करावी लागतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक पेटंटची. युरोपात अर्जापूर्वी शोध जाहीर झाला, तर मोजके अपवाद सोडता पेटंट हातचं जातं. गोपनीयतेच्या कराराशिवाय डेमो-डेला, म्हणजे गुंतवणूकदारांसमोर उत्पादन दाखवण्याच्या कार्यक्रमात, केलेलं सादरीकरणसुद्धा त्यात मोडतं. म्हणून आधी भारतात अर्ज, मग विमानाचं तिकीट. भारतात राहणाऱ्या संशोधकाला थेट परदेशात अर्ज करता येत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे भारतातल्या अर्जानंतर सहा आठवडे थांबावं लागतं, नाहीतर फॉर्म २५ भरून आधी परवानगी घ्यावी लागते. ही पायरी चुकली तर भारतातला अर्जही सोडून दिल्यासारखा धरला जातो. भारतातल्या अर्जाची तारीख परदेशात टिकवायची तर पुढचे अर्ज १२ महिन्यांत व्हायला हवेत. ती मुदत कंपनीबरोबर पार्कच्या कॅलेंडरमध्येही असू द्या.

माती, वनस्पती, सूक्ष्मजीव असे नमुने पाठवायचे असतील, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते का ते कुरिअर बोलावण्याआधी तपासा. यंत्र फक्त दाखवून परत आणायचं असेल, तर फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्ने, म्हणजे तात्पुरत्या नेलेल्या मालाचं सीमाशुल्काचं कागदपत्र, घ्या. त्यावर तिकडचं सीमाशुल्क भरावं लागत नाही. प्रात्यक्षिकात संपणारी रसायनं मात्र त्यात बसत नाहीत. त्यांची कागदपत्रं वेगळी करा.