शतावरीचे कोंब कसे ओळखावे, खुडावे आणि रांधावे

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), कुपाटीतून (काटेरी कुंपणातून) शतावरीचे कोंब डोकं वर काढतात. पेन्सिलीपेक्षा बारीक, जांभळट हिरवे, अंगाला खवले चिकटल्यासारखे. नागपूरच्या मोठ्या दुकानांत ‘ॲस्परॅगस’ नावानं जी महागडी जुडी मिळते, ती याच कुळातली परदेशी बहीण. शतावरीचं मूळ सगळ्यांना माहीत आहे, बाळंतिणीला शतावरी कल्पही देतात. कोंबांची भाजी मात्र आता मोजक्याच घरांत शिजते. ती पुन्हा चुलीवर चढावी म्हणून हे लिहिते आहे.

आधी वेल पक्का ओळखा

हे काम घाईनं उरकू नका. शतावरीच्या जुन्या वेलाला मागे वळलेले काटे असतात. बाहीत अडकले की कापड फाडूनच सुटतात. पानांच्या जागी सुईसारखे बारीक हिरवे झुपके असतात. पुढे पांढरी, बारीक, सुवासिक फुलं येतात आणि मग लाल फळं धरतात. ही फळं खायची नाहीत.

खरा धोका वेगळाच आहे. त्याच कुपाटीत, त्याच पावसात कळलावीही उगवते. तिच्या सगळ्या अंगात विष असतं आणि कंद तर जीवघेणा. कळलावीला काटे नसतात, पान रुंद असतं आणि पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं असतं. पण कोंब बोटभर असताना नवख्याची नजर फसू शकते. म्हणून आमच्या घरचा नियम असा, की मागच्या वर्षीचा काटेरी वेल जिथं उभा दिसतो, त्याच्या बुडातलाच कोंब घ्यायचा. जरा जरी शंका आली तरी सोडून द्यायचा. पहिल्या वर्षी गावातल्या जाणत्या बाईला सोबत न्याच. ऑगस्टमध्ये जागोजागी रानभाजी महोत्सव भरतात. तिथं भाजी घेऊन बसलेल्या बायांना विचारलं तर त्या हातात देऊन ओळख पटवतात.

खुडणं

सकाळी जा. कोंब वीत-दीड वीत झालेला असावा, झुपके फुटायच्या आधीचा. विळा लागत नाही. बोटं टोकाकडून खाली सरकवत कोंब हळूच वाकवा, कोवळा भाग संपतो तिथं तो आपणच तुटतो. माझी आत्या म्हणायची, “कट् वाजलं त घे, वाकलं त ऱ्हाऊ दे.” तुटताना ओल्या शेंगेसारखा आवाज येतो आणि तुटल्या जागी पाणी चमकतं. नुसता वाकून लोंबणारा कोंब जून झालेला असतो. तो कितीही शिजवला तरी दातात दोरे येतात.

एका जाळीतले निम्मे कोंब तसेच राहू द्या, त्यांतूनच वेल वाढतो आणि मुळं पोसली जातात. मूळ तर खोदूच नका. आमच्याकडच्या कितीतरी जाळ्या मुळांपायी गेल्या, हे मला फार लागतं. आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत भाजीसाठी शिरू नका. घरापुरतं धुऱ्यावर मिळतं.

शरीराला काय मिळतं

दुकानातल्या ॲस्परॅगसचे आकडे पक्के आहेत. शिजवलेल्या 100 ग्रॅममध्ये 22 च्या आसपास कॅलरी, सुमारे 2.4 ग्रॅम प्रथिनं, 2 ग्रॅम तंतू आणि सुमारे 150 मायक्रोग्रॅम फोलेट (ब गटातलं जीवनसत्त्व) असतं. यातलं फोलेट आपल्या भागासाठी मोलाचं. गरोदरपणी बाळाचा मेंदू आणि मणका घडायला ते लागतं. पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर तुटतात, नव्या घडवायला फोलेट हवं, म्हणून त्यांना फोलिक ॲसिडची, म्हणजे फोलेटचीच, गोळी देतात. भाजी खाल्ली म्हणून ती गोळी बंद करायची नाही.

ॲस्परॅगसमध्ये इन्युलिन नावाचा तंतू असतो, तो आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना पोसतो. ज्यांना गॅस धरतो त्यांनी बेतानं खावं. व्हिटॅमिन के भरपूर असल्यामुळे रक्त पातळ करणारी वॉरफेरिन गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा. ॲस्परॅगस खाल्ल्यावर लघवीला उग्र वास येऊ शकतो, त्याची भीती बाळगू नका.

भाजी

चार माणसांना पाव किलो कोंब आणि अर्धी वाटी मूगडाळ पुरते. डाळ अर्धा तास भिजवा. कोंब दोन पाण्यांनी धुऊन बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. शेंडे वेगळे ठेवा, ते लवकर शिजतात.

रानातला कोंब कधी किंचित कडसर असतो. एक तुकडा उकळून चाखून पाहा. कडू लागला तर सगळे तुकडे तीन-चार मिनिटं उकळून पाणी टाकून द्या. कडू नसेल तर उकळूच नका, कारण फोलेट पाण्यात उतरतं आणि पाण्यासोबत जातं. पुष्कळ बाया सवयीनं प्रत्येक रानभाजी उकळून पिळतात, ते मला पटत नाही.

कढईत दोन चमचे फल्लीतेल (शेंगदाण्याचं तेल) तापवून जिरं तडतडू द्या. ठेचलेला लसूण आणि दोन लाल मिरच्या टाका. लसूण लाल व्हायला लागला की बारीक चिरलेला कांदा घाला आणि तो गुलाबी होऊ द्या. हळद, निथळलेली डाळ आणि पाण्याचा हबका देऊन झाकण ठेवा. डाळ बोटानं दबली पण फुटली नाही, की देठाचे तुकडे आणि मीठ घाला. पाचेक मिनिटांनी शेंडे घालून दोनच मिनिटं ठेवा. रंग हिरवाच राहायला हवा. तो शेवाळी झाला म्हणजे भाजी जास्त शिजली. वरून सांबार (कोथिंबीर) पेरा आणि गरम भाकरीसोबत, बाजूला जवसाची चटणी घेऊन वाढा.

दुकानातली जुडी आणली असेल तर तिचं बूड असंच वाकवून तोडा, जाड देठ सोला आणि हीच फोडणी करा. डाळ नको असेल तर तव्यावर तेल-मिठात चार-पाच मिनिटं परतले तरी छान लागतात. उरलेले कोंब फुलांसारखे पेल्यातल्या बोटभर पाण्यात उभे ठेवा आणि वर ओलं फडकं टाका, म्हणजे दोन दिवस ताजे राहतात.