संगणकाचे टेबल स्वच्छ करताना या चुका टाळा

दिवाळीच्या साफसफाईत संगणकाच्या टेबलाची पाळी बहुधा शेवटी येते, आणि तोवर हात दमलेले असतात व फडका ओलाचिंब झालेला असतो. धुळीमुळे संगणक बिघडायला महिने लागतात. पाण्याला मात्र काही क्षण पुरतात.

सर्वांत गंभीर चूक विजेच्या बाबतीत होते. भिंतीवरचे बटण बंद केले की वीज गेली, असे आपण समजतो. परंतु यूपीएस असेल, तर त्यातील बॅटरीमुळे मागच्या सॉकेटमध्ये वीज चालूच राहते. म्हणून संगणक रीतसर बंद करून यूपीएसचे स्वतःचे बटणही बंद करावे आणि त्याला जोडलेल्या सर्व वायरी काढाव्यात. काढण्यापूर्वी मोबाइलवर जोडणीचे छायाचित्र घेतले, तर पुढचा अर्धा तास वाचतो. एक्स्टेंशन बोर्ड भिंतीतून काढून कोरड्या ब्रशनेच झाडावा.

मॉनिटरवर काचेच्या कपाटासाठी आणलेला फवारा मारू नये. अशा अनेक द्रावणांत अमोनिया असतो, तर पुष्कळ मॉनिटरचा दर्शनी भाग काचेचा नसून चमक कमी करणारा लेप दिलेल्या प्लॅस्टिकचा असतो. तो लेप एकदा खराब झाला की पुन्हा दुरुस्त होत नाही. शिवाय थेट फवारलेले थेंब ओघळून खालच्या कडेतून आत शिरतात. द्रव नेहमी फडक्यावर घ्यावा. मायक्रोफायबरचे कापड डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलसर करून, पडद्यावर दाब न देता फिरवावे. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग पडतात आणि जुन्या वर्तमानपत्राने ओरखडे उठतात.

कीबोर्ड उलटा करून हलकेच थोपटावा आणि फटींतून मऊ ब्रश फिरवावा. कळांवरील तेलकट थर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने जातो. मात्र स्वस्त कीबोर्डवरील छापील अक्षरेही त्याने पुसली जाऊ शकतात, म्हणून आधी एखाद्या कोपऱ्यातील कळेवर तपासून पाहावे. त्याऐवजी हाताचे सॅनिटायझर वापरू नये, कारण त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि ते कळा चिकट करते. अल्कोहोल ज्वलनशील आहे. पणती किंवा उदबत्ती जवळ असताना बाटली उघडूच नये.

सीपीयूच्या पंख्यावर हवेचा झोत सोडताना पाते काडीने अडवून धरावे, अन्यथा पंखा प्रमाणाबाहेर फिरून त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. सनमायकाचे टेबल पिळलेल्या फडक्याने पुसता येते. फक्त कडेची पट्टी सुटली असेल, तेथे पार्टिकल बोर्ड पाणी शोषून फुगतो आणि पूर्ववत होत नाही.

सफाईनंतर माउसचा बाण उड्या मारू लागला, तर खालच्या सेन्सरमध्ये धागा अडकला आहे का ते पाहून कोरड्या कापसाच्या काडीने तो काढावा. पडद्यावर काहीच दिसत नसेल, तर दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवावी. कीबोर्डमध्ये पाणी गेले असेल, तर त्याची वायर काढून तो किमान एक दिवस पालथा ठेवावा. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा देऊ नये, कारण तिने प्लॅस्टिक वाकते. लॅपटॉपमध्ये पाणी गेल्यास तो तत्काळ बंद करून चार्जर काढावा आणि ‘चालतो का ते बघू’ म्हणून पुन्हा सुरू न करता थेट दुरुस्तीला न्यावा.