पिसाचा कुंचला, पिसाची कोंबडी

हातात पीस आलं की मूल आधी ते गालावरून फिरवतं, मग फुंकर मारून उडवतं. ते मनसोक्त होऊ द्या, रंग नंतर.

तीन-चार वर्षांच्या मुलांना पीस चिकटवण्यापेक्षा पिसाने रंगवणं जास्त जमतं. ताटलीत थोडा पोस्टर कलर घ्या, पिसाची कड त्यात टेकवून कागदावर ओढू द्या. बारीक रेघांचा झुपका उमटतो; उलट करून देठाने ओढलं तर एकच रेघ. रंग दाटसरच ठेवा, पातळ झाला तर तंतू एकमेकांना चिकटतात आणि नुसता फराटा उठतो.

चिकटवायचंच असेल तर कागदी प्लेट अर्धी दुमडून कोंबडी करा आणि शेपटीला पिसं लावा. गोंद प्लेटला लावा, पिसाला नको, नाहीतर ते बोटांनाच चिकटून बसतं. गोकुळाष्टमीला पुठ्ठ्याच्या पट्टीचा मुकुट, त्यात एक मोरपीस. मागे स्टेपलरऐवजी चिकटपट्टी, कारण पिन केसांत अडकते.

पिसं स्टेशनरीच्या दुकानातली घ्या, देठाचं टोकदार टोक आधीच कापा. गॅलरीत पडलेली कबुतराची पिसं मात्र नकोत. त्यांना लागलेल्या विष्ठेची धूळ श्वासात जाते.