कवितेवरून तक्ता करताय? या चुका टाळा

कविता म्हणायची, तिच्यातल्या गोष्टी मोजायच्या, तक्ता भरायचा आणि त्यावरून चित्रालेख, म्हणजे संख्या चित्रांनी दाखवणारा आलेख, काढायचा. हा पाठ दिसायला सोपा आहे. बेळगाव-खानापूरकडच्या मराठी शाळांत शिक्षक तो हौसेने घेतात. पण दरवर्षी त्याच त्या चुका दिसतात आणि त्यांचा भुर्दंड पोरांना बसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काय मोजायचं ते न ठरवताच मोजायला लागणं. वर्गासाठी मी जोडलेल्या या चार ओळी बघा:

चिमणी आली, चिमणी गेली,
कावळा बसला कौलावर;
मैना आली, चिमणी आली,
दाणे सांडले अंगणभर.

खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत एका नव्या शिक्षकांनी या ओळी घेतल्या. फळ्यावर मथळा लिहिला, ‘पक्ष्यांची संख्या’. खाली चिमणी ३, कावळा १, मैना १. गटातली एक मुलगी उठून म्हणाली, “सर, चिमणी एकच हाय की! गेली आनि परत आली.” दुसऱ्या गटातून आवाज आला, “दोन हैत. पहिली गेली, मग दुसरी आली.” सर म्हणाले, “कवितेत तीनदा आली ना? मग तीनच. बसा खाली.” दोघंही बसली आणि सगळ्या वर्गाने वहीत ३ लिहून घेतलं.

त्या मथळ्याखाली ३ हे उत्तर चूकच होतं. चिमणी हा शब्द तीनदा आला, हे खरं. पण अंगणात आलेल्या चिमण्या एक किंवा दोन, कविता नक्की सांगत नाही. ती दोन्ही पोरं अर्थ लावून मोजत होती आणि सर नुसते शब्द मोजत होते. त्या मुलीची समजूत झाली की आपल्याला गणित येत नाही. याचा मला आजही राग येतो, कारण वर्गात त्या दिवशी खरं गणित तिनेच केलं होतं.

म्हणून मी मथळा नेहमी प्रश्नाच्या रूपात लिहिते: ‘चिमणी हा शब्द किती वेळा आला?’ त्याच्या शेजारी दुसरा रकाना ठेवते: ‘चिमण्या किती असतील?’ दुसऱ्या रकान्यात १ किंवा २ आलं तर दोन्ही ठेवायचं आणि ज्याने त्याने कारण सांगायचं. यात अर्धा तास जातो. ज्यांना तेवढा वेळ द्यायचा नाही त्यांनी कवितेला हात लावू नये, सरळ पुस्तकातला फळांचा तक्ता घ्यावा.

ताळ्याच्या खुणा, म्हणजे मोजताना मारायच्या रेघा: चार उभ्या आणि पाचवी तिरकी. पाच उभ्या काढून वर तिरकी मारणारी पोरं प्रत्येक वर्गात असतात. त्यांना रेघ मारताना मोठ्याने मोजायला लावा.

हावभावासह म्हणण्यातच तास संपणं. प्रतिभा कारंजीची, म्हणजे शाळांमधल्या कलास्पर्धांची, तयारी वेगळी, गणिताचा तास वेगळा. दोनदा म्हणा आणि मोजायला लागा.

चित्रालेखातली चित्रं लहानमोठी काढणं ही माझ्या मते दुसरी मोठी चूक. पोरं कावळा ऐटीत काढतात, चिमणी बोटभर. मग एक कावळा तीन चिमण्यांच्या उंचीचा होतो आणि चित्रालेखाकडे बघून पोरं म्हणतात, दोन्ही सारखेच. चित्र सुंदर असतं, म्हणून शिक्षकही ‘छान’ म्हणून पुढे जातात. चित्रालेखात प्रत्येक चित्र सारख्या मापाचं हवं, सगळ्या ओळी एकाच पातळीवरून सुरू व्हायला हव्यात, नाहीतर उंचीवरून तुलना करताच येत नाही. मी चौकटीच्या वहीच्या कागदाचे सारखे चौकोन कापून देते. ज्याला जे काढायचं ते त्या चौकोनात काढायचं, आणि चौकोन तळापासून वर चिकटवायचे. नली-कलीच्या, म्हणजे पहिली ते तिसरी एकत्र बसवून शिकवण्याच्या, वर्गात तर हे फार सोयीचं पडतं. पहिलीची पोरं चौकोन चिकटवतात, दुसरीची ताळ्याच्या खुणा करतात, तिसरीची आकडे आणि प्रश्न लिहितात.

एक चित्र म्हणजे पाच, असं प्रमाण घाईने आणू नका. चार ओळींच्या कवितेत चिमणी हा शब्द मोजून तीनदा, तिथे प्रमाण कशाला? ध्रुवपद आठ-दहा वेळा येणारी लांब कविता मिळेपर्यंत थांबा.

मोबाईलवर आलेला छापील तक्ता आणि सीआरपी (आसपासच्या शाळांना भेटी देणारे मार्गदर्शक) येणार म्हणून रात्री बसून केलेला थर्माकोलचा तक्ता, या दोन्हींतून पोरं काही शिकत नाहीत. मोजणी त्यांनी केलेली नसते.

अक्षरं मोजायला सांगून पोरांना वाऱ्यावर सोडणं. काना, मात्रा, वेलांटी वेगळी धरायची का? जोडाक्षराची दोन का? हे आधी ठरवा. कवितेच्या हिशेबात जोडाक्षर एकच आणि काना-मात्रा अक्षराबरोबरच. एवढं कळलं की पाचवीला अभंग द्या. भजनामुळे आपल्याकडच्या पोरांच्या कानावर अभंग असतातच. अभंगाचा ‘मोठा अभंग’ नावाचा प्रकार आहे, त्याचे चार चरण साधारण ६, ६, ६ आणि ४ अक्षरांचे. मात्र गाताना मोजू देऊ नका. लांबवलेला सूर पोरं दोन-तीन अक्षरं धरतात. आधी एका चौकटीत एक अक्षर असं लिहून घ्या, मग स्तंभालेख. स्तंभांची रुंदी सारखी, मधलं अंतर सारखं, मोजणी शून्यापासून. तीन सारखे स्तंभ आणि चौथा ठेंगणा दिसला की पुढच्या चार चरणांचे स्तंभ अक्षरं न मोजता आधी पेन्सिलीने काढायला सांगा आणि मगच मोजून ताडून बघायला लावा.