वाड्याच्या भिंतीलगतची मेथी

पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांचा ऑइलपेंट पोपडे धरून खालच्या वाफ्यात पडतो. त्यात शिसं हा विषारी धातू असू शकतो.

वाफ्यात पाच-सहा जागी १५ सेंमी खोलीपर्यंतची माती स्टीलच्या खुरप्याने काढा, एकत्र करून सावलीत वाळवा. प्रयोगशाळेत 'शिसं, कॅडमियम' असं लिहूनच द्या. नेहमीच्या माती परीक्षणात सामू (pH), नत्र, स्फुरद, पालाश असं कळतं, शिसं नाही, आणि आपण उगाच निर्धास्त होतो.

तोवर तिथे मेथी, पालक, मुळा नको; वांगी-टोमॅटो त्यातल्या त्यात बरे, धुऊन. पोपडे हातमोजे घालून वेचा, भरपूर कंपोस्ट मिसळा, वर पाचोळा अंथरा.

आम्लधर्मी मातीत शिसं पिकात कमी जावं म्हणून चुना टाकतात; इथे मात्र टाकू नका. आपली काळी माती बहुतेक आधीच अल्कधर्मी असते.